क्लाउड बॅकअप रोज रात्री अर्धवट राहतो, किंवा ‘यशस्वी’ म्हणून फसवतो: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

अंबड, सातपूर, गोंदे, सिन्नर इथल्या कारखान्यांत आणि पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्ष पॅकहाउसांत मांडणी साधारण सारखीच दिसते. ऑफिसात एक विंडोज सर्व्हर, त्यावर टॅली, ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार एकत्र चालवणारा प्रोग्राम) आणि ड्रॉइंगचं फोल्डर. रात्री त्याची एक प्रत अ‍ॅमेझॉनच्या एसथ्री या क्लाउड साठवणीतल्या बकेटमध्ये (म्हणजे कप्प्यात) मुंबई रीजनला (तिथल्या डेटा सेंटरांना) जाते, दुसरी प्रत मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडच्या सेंट्रल इंडियाला, म्हणजे पुण्याला. मेल आणि रोजच्या वापराच्या फाईली मायक्रोसॉफ्ट ३६५ वर. डेटा तीन ठिकाणी, किल्ल्या (प्रवेशाचे गुप्त कोड) तीन प्रकारच्या, आणि नीट लक्ष द्यायला माणूस बहुतेक वेळा एकही नाही. या मांडणीत तोच तो बिघाड पुन्हा पुन्हा येतो.

लक्षणं

- सकाळी पाहावं तर बॅकअपचं काम, म्हणजे जॉब, अजून ‘रनिंग’, टक्केवारी रोज साधारण त्याच आकड्यावर.
- लहान फाईली जातात, मोठी फाईल ठरावीक जागी थांबते.
- काल चालत होतं, आज सगळ्यावर ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला.
- हिरवी टिक आहे, पण क्लाउडवरची फाईलसंख्या सर्व्हरशी जुळत नाही.
- प्रत जागेवर आहे, पण रिस्टोर होत नाही.
- डेटा वाढला नाही, बिल मात्र दर महिन्याला चढतंय.
- एका रात्रीत बदललेल्या फाईलींची संख्या कित्येक पट झाली, किंवा फाईलींच्या नावामागे अनोळखी शेपूट लागलं.

शेवटचं लक्षण दिसत असेल तर मधलं काहीही करू नका, थेट ‘कुठे थांबायचं’ या भागाकडे जा.

बाकी सगळ्यांसाठी हात लावण्याआधीची अट एकच: जॉब चालू करण्याच्या घाईत सुरक्षा सैल करू नका. ४०३ आला की बकेट पब्लिक करणं, बॅकअपच्या खात्याला अ‍ॅडमिनचे हक्क देणं, फायरवॉल ‘थोडा वेळ’ बंद ठेवणं, हे उपाय खरोखर चालतात आणि म्हणूनच कोणी ते मागे घेत नाही. जागा करायला जुनी प्रतही पुसू नका. नवी प्रत रिस्टोर करून पाहीपर्यंत तुमच्याकडे विश्वासाची तीच एक आहे.

१. लॉगमधली पहिली एरर शोधा (पाच मिनिटं, फुकट)

शेवटची ओळ बहुधा ‘जॉब फेल्ड’ एवढंच सांगते, तिचा उपयोग नाही. लॉगची (जॉबने स्वतः लिहिलेल्या नोंदींची) एक प्रत वेगळी काढा आणि वरून खाली वाचत या. पहिली एरर कोणत्या वेळी आली आणि कोणत्या फाईलवर आली, हे दोन तपशील लिहून ठेवा. रोज वेळ तीच असेल तर संशय लाइन, वीज किंवा दुसऱ्या एखाद्या जॉबवर. रोज फाईल तीच असेल तर दोष फाईलमध्ये. एवढ्यानेच पुढच्या निम्म्या तपासण्या वाचतात.

लॉगच नसेल तर जॉब सुरूच झालेला नाही. टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या विंडोजच्या प्रोग्राममध्ये) पाहा. ज्या खात्याने जॉब चालतो त्याचा विंडोज पासवर्ड कोणी बदलला असेल तर शेड्युलर जुनाच पासवर्ड वापरत राहतो आणि रोज गुपचूप ‘लॉगऑन फेल्युअर’ देतो. ‘युजर लॉगइन असतानाच चालवा’ हा पर्याय निवडलेला असेल तर कोणी लॉगऑफ केलं की त्या रात्रीचा जॉब गेलाच.

२. सर्व्हरचं घड्याळ (दोन मिनिटं)

हे सगळ्यात सोपं, आणि तपासायचं कोणाला सुचत नाही. एसथ्रीला येणाऱ्या प्रत्येक विनंतीवर वेळेचा शिक्का असतो. सर्व्हरचं घड्याळ १५ मिनिटांहून जास्त पुढे-मागे असेल तर विनंती नाकारली जाते आणि ४०३ येतो. किल्ली बरोबर, हक्क बरोबर, तरी नकार. लॉगमध्ये ‘टाइम टू स्क्यूड’ असे शब्द असतील तर निदान झालंच.

घड्याळ बिघडतं ते वीज गेल्यावर. साप्ताहिक देखभालीसाठी वीज बंद राहते, यूपीएस तेवढा वेळ तग धरत नाही, आणि मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल संपलेला असेल तर सर्व्हर जुनी तारीख घेऊन उठतो. म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या रात्रीच बॅकअप पडत असेल तर आधी सेल बदला, स्वस्तातली गोष्ट आहे. मग वेळ एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपली घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. तेच लावा. घटना घडल्यावर तीन ठिकाणचे लॉग एकमेकांशी लावताना याची किंमत कळते.

३. किल्ल्यांची मुदत आणि लाइनचा आयपी (अर्धा तास)

घड्याळ ठीक आहे आणि सगळ्याच फाईलींवर ४०३ आहे, तर क्रमाने पाहा.

अझूरकडे एसएएस टोकन (मुदतीचा प्रवेश-परवाना) आणि अ‍ॅपचं क्लायंट सिक्रेट (म्हणजे त्याचा पासवर्ड), दोन्हींना संपण्याची तारीख असते. पोर्टलवरून बनवलेलं सिक्रेट जास्तीत जास्त २४ महिने चालतं. ते ज्याने बनवलं तो माणूस तोवर नोकरी सोडून गेलेला असतो. नवं बनवलं की संपायच्या तारखेच्या महिनाभर आधीची आठवण कॅलेंडरमध्ये टाका, आणि ती दोन माणसांच्या कॅलेंडरमध्ये.

अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅक्सेस कीला आपोआप मुदत नसते, पण ती कोणीतरी बंद केलेली असू शकते. आयएएममध्ये (खाती आणि हक्क सांभाळायच्या भागात) ‘शेवटचा वापर’ बघा. वापर कालपर्यंतचा असेल तर काल काय बदललं ते विचारा.

आता नाशिकचं खास कारण. बकेटच्या पॉलिसीत (प्रवेशाच्या नियमांत) ‘फक्त ऑफिसच्या आयपीवरूनच (इंटरनेट पत्त्यावरूनच) प्रवेश’ अशी अट असते, आणि ती असायलाच हवी. २०२७ च्या सिंहस्थासाठी ठिकठिकाणी रस्ते खोदले जात आहेत. फायबर तुटते, राउटर आपोआप दुसऱ्या लाइनवर जातो, इंटरनेट चालू असल्याने कोणाला काही जाणवत नाही, पण बाहेर दिसणारा आयपी बदललेला असतो. रात्री ४०३. सकाळी फायबर जोडली जाते आणि सगळं आपोआप ‘बरं’ होतं, त्यामुळे कारण हाती लागत नाही. पहिल्या एररच्या वेळी राउटर कोणत्या लाइनवर होता ते राउटरच्या लॉगमध्ये पाहा. उपाय म्हणजे दुसऱ्या लाइनचा स्थिर आयपीही यादीत घालणं, अट काढून टाकणं नव्हे. दुसरी लाइन सिमकार्डवरची असेल तर तिला बहुधा स्वतःचा सार्वजनिक आयपी नसतोच. अशा वेळी व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या खाजगी, कुलूपबंद वाटेने) जा, किंवा त्या रात्री जॉब थांबवून ‘लाइन बदलली’ असा मेल येईल असं करा.

किल्ली हाताशी आहेच तर तिचे हक्कही बघून घ्या. बॅकअपच्या कीला फाईल ठेवण्याचा आणि यादी पाहण्याचा हक्क पुरतो. पुसण्याचा हक्क देऊ नका आणि बकेटवर व्हर्जनिंग (फाईल बदलली तरी जुनी आवृत्ती जपणं) चालू ठेवा. सर्व्हर कोणाच्या हाती पडला तरी त्या कीने जुन्या प्रती नष्ट करता येत नाहीत. जुन्या प्रती काढण्याचं काम लाइफसायकल नियमावर (ठरल्या मुदतीने फाईली आपोआप काढणाऱ्या) सोपवा.

४. लाइनला ते झेपतं का? (कागद-पेन)

जॉब सकाळपर्यंत संपत नसेल तर आधी भागाकार करा. योजनेतला आकडा मेगाबिटमध्ये असतो, फाईल मेगाबाइटमध्ये, आणि आपल्याला अपलोडचा वेग हवा असतो, जाहिरातीत ठळक छापलेला डाउनलोडचा नव्हे.

२० एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला २.५ एमबी, तासाला ९ जीबी. वरखर्च जाऊन हाती ७ धरा. रात्री ९ ते सकाळी ६ या नऊ तासांत साधारण ६३ जीबी. १०० एमबीपीएस असेल तर तासाला ३६ आणि रात्रीत सुमारे ३२० जीबी. सर्व्हरवर ६०० जीबी आहे आणि लाइन २० ची, तर पहिली पूर्ण प्रत जायला नऊ-दहा रात्री लागणारच. त्यात बिघाड काही नाही. पहिली प्रत सुट्टीच्या दिवशी दिवसभर चालवा, नंतर फक्त बदललेल्या फाईली पाठवा.

तरी रोज सगळंच जातंय असं दिसलं तर स्क्रिप्ट उघडून पाहा. बऱ्याच ठिकाणी पूर्ण फोल्डरची एकच झिप बनवून पाठवलेली असते. आत एक बिल बदललं तरी ६० जीबीची झिप नवी होते आणि रात्रभर तीच चढत बसते. झिप काढून फाईली सुट्या पाठवा, किंवा फक्त बदललेले तुकडे पाठवणारं बॅकअप साधन वापरा. वेगवान लाइन घेण्याआधी हे करा, खर्च शून्य आहे.

५. हिरवी टिक आणि गहाळ फाईली

इथे वेळ द्या. बरीचशी साधनं वाचता न आलेल्या फाईली वगळून पुढे जातात आणि शेवटी ‘इशाऱ्यांसह पूर्ण’ म्हणतात. त्या इशाऱ्यांतच खरी गोष्ट असते.

उघड्या फाईली: टॅलीत कंपनी उघडी ठेवून कोणी घरी गेलं, किंवा एसक्यूएलची डेटाबेस फाईल चालू असताना तशीच उचलली, तर प्रत एक तर होत नाही किंवा अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या मजकुराची होते. दुसरं जास्त घातक, कारण फाईल दिसते पण उघडत नाही. टॅलीचा स्वतःचा बॅकअप घ्या, एसक्यूएलचा स्वतःचा बॅकअप चेकसमसह (फाईल बिघडली का ते दाखवणाऱ्या आकड्यासह) घ्या, आणि त्या तयार फाईली क्लाउडला पाठवा. एसक्यूएलच्या फुकट एक्सप्रेस आवृत्तीत एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) नसतो, म्हणून हे काम टास्क शेड्युलरला सांगावं लागतं. साधन विंडोजच्या शॅडो कॉपीवर (व्हीएसएस, उघड्या फाईलींचीही प्रत घेणारी सोय) चालत असेल तर व्हीएसएस रायटर्सची यादी काढा. प्रत्येकापुढे ‘स्टेबल’ हवं. ‘फेल्ड’ दिसलं तर त्या रायटरची सेवा पुन्हा सुरू करा, मगच जॉब चालवा.

लांब पत्ते: विंडोजवरचे जुने प्रोग्राम २६० अक्षरांपुढचा पत्ता वाचत नाहीत. ‘ग्राहक, वर्ष, पार्ट नंबर, सुधारित, अंतिम, अंतिम २’ असं फोल्डरात फोल्डर गेलं की ड्रॉइंग तिथेच अडकतं.

मराठी नावं: मराठीत नावं जरूर ठेवा, फक्त दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, एसथ्रीची आणि लिनक्सवरची मर्यादा अक्षरांत नसून बाइटमध्ये असते, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. लिनक्सवर चालणाऱ्या नॅसमध्ये (नेटवर्कवरच्या साठवणपेटीत) फाईलच्या नावाला बहुधा २५५ बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हं. ‘चालू आर्थिक वर्षातील कंत्राटी कामगारांच्या हजेरीचा तपशील’ हे नाव त्यातली पन्नासच्या वर चिन्हं खातं. पुढे महिना आणि विभाग लागला की संपलं.

दोन, ‘कर्मचाऱ्यांची यादी’मधला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याच्या ‘ऱ’चा वापर करतात, काही ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला मात्र दोन वेगळी नावं. मग सर्व्हरवर एक फाईल, क्लाउडवर त्याच नावाच्या दोन, आणि तुलना करणारी स्क्रिप्ट म्हणते फाईल गहाळ. याचा सोपा उपाय: ज्या फोल्डरांवर स्क्रिप्ट चालते तिथली नावं एकाच संगणकावरून, एकाच कीबोर्डने ठेवा. जिथे घोळ झालाय तिथे फाईलीचं नाव पूर्ण पुसून नव्याने टाइप करा, कॉपी-पेस्ट करू नका.

६. मोठीच फाईल अडते

लहान जातात, मोठी जात नाही, याची तीन कारणं आहेत. तिन्ही वेगवेगळी दिसतात.

फाईल दर वेळी ठरावीक आकाराला तुटते: मोठी फाईल एसथ्रीला तुकड्यांत जाते आणि एका फाईलीचे जास्तीत जास्त १०,००० तुकडे चालतात. साधनात तुकडा ५ एमबीचा ठरलेला असेल तर ४८ जीबीच्या आसपास वाट संपते, ८ चा असेल तर ७८ च्या आसपास. फाईलचा आकार आधी माहीत नसताना थेट प्रवाहाने पाठवणाऱ्या जॉबमध्ये हे नेमकं होतं. तुकडा ६४ एमबीचा करा, सव्वासहाशे जीबीपर्यंत प्रश्न मिटतो. त्या बदल्यात मेमरी थोडी जास्त लागेल.

लगेच ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतो: बकेटवर केएमएस कीचं (क्लाउडच्या किल्ली-सेवेतल्या कीचं) एन्क्रिप्शन असेल तर लहान फाईलीला डेटा-की बनवण्याचा हक्क पुरतो. तुकड्यांत जाणाऱ्या फाईलीला त्याच केएमएस कीवर डिक्रिप्टचाही (कुलूप उघडण्याचाही) हक्क लागतो. फक्त पाठवायचं आहे, मग डिक्रिप्ट कशाला, असं म्हणून तो काढलेला असतो. तेवढा एक हक्क, तेवढ्या एका कीवर द्या. एन्क्रिप्शन बंद करू नका.

काहीच एरर नाही, नुसतं लटकतं आणि मग टाइमआउट: हा पाकिटाच्या आकाराचा दोष, एमटीयू, म्हणजे लाइनवरून एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाचा कमाल आकार. व्हीपीएन किंवा पीपीपीओई (लॉगइन करून जोडल्या जाणाऱ्या) लाइनवर मोठी पाकिटं मावत नाहीत आणि ‘मावत नाही’ हा निरोप मधली फायरवॉल अडवते. तपासायला पिंग करा (समोरच्याला छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का ते पाहणं), पाकीट न तोडण्याच्या अटीसह, १४७२ बाइटपासून. समोरचा साध्या पिंगला उत्तर देतो ना, ते आधी पाहा. उत्तर येईपर्यंत दहा-दहाने उतरा. जो आकडा चालला त्यात २८ मिळवले की एमटीयू. पीपीपीओईवर १४६४ चालतं, म्हणजे १४९२. राउटरवर टीसीपीचा एमएसएस (पाकिटातल्या नुसत्या डेटाचा कमाल आकार) एमटीयूपेक्षा ४० ने कमी ठेवा. व्हीपीएन असेल तर १३५० ठेवून पाहा. राउटरची सवय नसेल तर हे ज्याने तो बसवला त्याच्याकडूनच करून घ्या.

७. रिस्टोर करून पाहा

महिन्यातून एकदा, वेगळ्या संगणकावर. टॅलीची कंपनी उघडून ताळेबंद पाहा, एक डेटाबेस चढवा, एक जुनं ड्रॉइंग उघडा. नुसती फाईल उतरली म्हणजे झालं असं नाही.

एमडीफाइव्ह (फाईलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, म्हणजे हॅश) जुळवून पाहत असाल तर ध्यानात ठेवा, तुकड्यांत गेलेल्या फाईलीचा ईटॅग (एसथ्रीने तिला लावलेली खूण) हा तिचा एमडीफाइव्ह नसतो. शेवटी आडवी रेघ आणि आकडा दिसला की तो तुकड्यांवरून काढलेला आहे. तो जुळला नाही म्हणून प्रत खराब समजू नका. एक फाईल खाली उतरवून तिचा हॅश काढा.

रिस्टोर नाकारला जात असेल तर फाईल अर्काइव्ह वर्गात (स्वस्त, पण उशिरा परत मिळणाऱ्या साठवणीत) गेली आहे का ते पाहा. एसथ्रीच्या ग्लेशियर डीप अर्काइव्हमधून साधी मागणी १२ तासांत येते, स्वस्तातली ४८ तासांपर्यंत. अझूरच्या अर्काइव्हला १५ तासांपर्यंत लागू शकतात. ज्या डेटावाचून कारखाना दुसऱ्या दिवशी सुरू होणार नाही तो अर्काइव्हमध्ये नको. हंगामात, जानेवारी ते एप्रिल, पॅकहाउसच्या निर्यात नोंदी तर मुळीच नकोत.

इथेच रीजनही पाहा. घाईत बनवलेलं दुसरं बकेट परदेशात निघतं. कंपनी कायद्याखालच्या लेखा नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप रोज, आणि भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. ‘रोज’ हा शब्द ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने आला. म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड कंपनीसाठी चार दिवस पडलेला बॅकअप हा नियमभंगही आहे.

८. बिल चढतंय

अर्धवट सुटलेल्या अपलोडचे तुकडे बकेटमध्ये पडून राहतात. फाईलींच्या यादीत ते दिसत नाहीत, पण त्यांचे पैसे लागतात. रोज रात्री ४० जीबीला तुटणारा जॉब महिन्यात हजार-बाराशे जीबी कचरा साठवू शकतो. लाइफसायकलमध्ये ‘अपूर्ण मल्टिपार्ट (तुकड्यांतले अपलोड) ७ दिवसांनी काढा’ हा नियम लावा. जुन्या व्हर्जनांनाही मुदत लावा, पण ३० दिवसांच्या खाली नको. हल्ला बरेचदा उशिरा लक्षात येतो. ऑब्जेक्ट लॉक (ठरल्या मुदतीपर्यंत प्रत पुसू न देणारं कुलूप) लावायचं ठरवलं तर आधी गव्हर्नन्स या सैल मोडमध्ये लावून पाहा. कॉम्प्लायन्स मोडमध्ये दिलेली मुदत संपेपर्यंत खात्याचा मालकसुद्धा ती प्रत पुसू शकत नाही, आणि पैसे तेवढा काळ भरावे लागतात.

कुठे थांबायचं

पुढच्या तीन ठिकाणी खाली सांगितलं तेवढंच करा, दुरुस्ती स्वतः करू नका.

डिस्क: इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डिस्कच्या नावापुढे ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी पुन्हा पुन्हा येत असतील, किंवा रेड (अनेक डिस्कची एकत्र जोडणी) ‘डिग्रेडेड’ दाखवत असेल, तर बॅकअप जॉबही थांबवा. चेकडिस्क चालवू नका, रेडमधल्या डिस्क काढून-घालून पाहू नका. मरत आलेल्या डिस्कवर रात्रभराचं वाचन म्हणजे उरलेलं आयुष्य संपवणं. आधी महत्त्वाचं वाचवायचं आणि मग दुरुस्ती, आणि ते डेटा रिकव्हरी करणाऱ्याचं काम आहे.

रॅन्समवेअरचा (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा) संशय: सर्व्हरची नेटवर्क केबल काढा, पण सर्व्हर बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो. क्लाउडवरचं सिंक थांबवा, नाहीतर बिघडलेल्या फाईली चांगल्यांच्या जागी जातील. वनड्राइव्हसारखं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, ते इथे कळतं. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून बॅकअपच्या किल्ल्या बंद करा. मग सायबर घटना हाताळणाऱ्या माणसाला बोलवा आणि सर्ट-इनला कळवा. घटना लक्षात आल्यापासून त्यासाठी ६ तास आहेत, आणि लॉग १८० दिवसांचे जपून ठेवणं बंधनकारक आहे.

किल्ली फुटली: अ‍ॅक्सेस की मेलमध्ये, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा गिटहबवर गेली असेल, किंवा खात्यात अनोळखी रीजनमध्ये सर्व्हर चालू दिसत असतील. की लगेच निष्क्रिय करा, पुसू नका, तपासाला लागते. पुढचं क्लाउड सुरक्षेच्या माणसाकडे सोपवा.

बोलवताना त्याच्या हाती द्या: पहिल्या एररची वेळ आणि फाईल, लॉगची प्रत, कोणता डेटा कोणत्या क्लाउडच्या कोणत्या रीजनला जातो त्याची एक पानी नोंद, शेवटचा यशस्वी रिस्टोर केल्याची तारीख, आणि मागच्या आठवड्यात कोणी काय बदललं. पासवर्ड देऊ नका. त्याच्यासाठी वेगळं, मुदतीचं खातं बनवा आणि काम झालं की त्याच संध्याकाळी बंद करा.